गोलात वाळलेला धान

नवी नवरी होते तेव्हा मी फुटबॉलच्या मैदानावर, गोलापुढच्या चुन्याच्या चौकटीत उकडलेला धान वाळत घातला. मला वाटलं, कोणी खळं आखून ठेवलंय, आणि गोलाचे ते खांब लुगडी वाळवायला! एवढी माझी अक्कल. चुन्याच्या रेघा मारणारा माणूस रागावला नाही. डबा खाली ठेवून कोंबड्या हाकत बसला.

पुढे फुटबॉलचा क्लब दुसरीकडे गेला, मैदानाचं लग्नाचं लॉन झालं. परवा नातीच्या लग्नात तोच माणूस, आता म्हातारा, खुर्च्यांमधून वाकून चालताना दिसला. रिकाम्या मुठीतून चुना सोडल्यासारखी बोटं हलत होती. गोल स्टेजकडे होता की जेवणाकडे, मलाही उमगेना. मला ओळखून तो थांबला.

"बाई, गोल सापडूनच नाही राहिला. तुमी धान कुठी टाकला होता, तेवढं आठवा ना!"