चावलेल्या कॉलरी

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर टेलरताई राहतात. पुढच्या खोलीत दोन मशीन आणि कापायचं टेबल, मागच्या खोलीत त्या आणि त्यांची नऊ वर्षांची चिमणी. चिमणीला गोष्ट एकदा सांगितली की सहा महिन्यांनी ती शब्दन्‌शब्द आपल्याला ऐकवते. पण फळ्यावरचं वहीत उतरवायचं म्हटलं की तिला घाम फुटतो. वर्गात गलका वाढला तर ती सरळ बाकाखाली जाऊन बसते.

अशा मुलांशेजारी बसून शिकवणाऱ्या एक मदतीच्या बाई शाळेत आहेत. त्या मिळाव्यात म्हणून पालकांनी अर्ज करायचा असतो. ताई मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही कॉलेज शिकलेल्या. तुम्हीच लिहा." त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. दोन पानं झाली. चिमणीचं पाठांतर, तिची चित्रं, तिचा लाघवी स्वभाव, आणि अगदी शेवटी 'लेखनात किंचित अडचण येते.' वाचून मी स्वतःवरच खूश झाले.

आठवड्याभरात उत्तर आलं. मुलीची प्रगती समाधानकारक दिसते, तूर्त मदतीची गरज वाटत नाही. काही म्हणणं असल्यास शुक्रवारी भेटावं, त्यानंतर यंदाची यादी बंद होईल.

ताईंनी ते वाचायला मला खाली बोलावलं, तेव्हा एक गिऱ्हाईक माप द्यायला आलं होतं. बाई पोट आत ओढून ताठ उभ्या.

"श्वास सोडा," ताई म्हणाल्या.

"सोडलाय की."

"कुठं सोडलाय? आत घेतलेल्या पोटाला ड्रेस शिवला तर तो घालून जेवणार कशा?"

बाई हसल्या आणि टेप दोन बोटं पुढे सरकली. ताई मात्र आकडा लिहायचं विसरून तशाच उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, "वहिनी, आपला अर्जसुद्धा पोट आत घेऊनच उभा होता."

मी शाळेचं पत्र पुन्हा उघडून वाचलं.

"तुमची चूक नाही. पोरीचं उणं चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून मीच चांगलं चांगलं सांगत बसले."

मग त्यांनी कपाटावरून एक पिशवी उतरवली. आत चिमणीच्या गणवेशाच्या कॉलरी होत्या. वर्गात जीव घाबरला की ती कॉलर चावते. चिंध्या झाल्या की ताई ती उसवून नवी लावतात. उसवलेला तुकडा टाकायचा नाही आणि कापडाला चिठ्ठी टाचल्याशिवाय ठेवायचं नाही, ही त्यांची दुकानातली सवय. त्यामुळे प्रत्येक कॉलरीला महिन्याची चिठ्ठी होती. एवढी वर्षं त्यांच्याकडे जाऊन ही पिशवी मला कधी दिसली नव्हती.

शुक्रवारी मी सोबत गेले. मुख्याध्यापिकांच्या खोलीत वर्गशिक्षिकाही होत्या. ताईंनी टेबलावर एकेक कॉलर मांडली, कापड बेतताना मांडतात तशी. अकरा झाल्या. काहींच्या टोकांना नुसते दोरे उरले होते.

"हे काय?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"माझ्या मुलीचं खरं माप. अर्जात चोरून दिलं होतं." ताई एकेका कॉलरीवर बोट ठेवत गेल्या. "ह्या परीक्षेच्या महिन्यातल्या तीन. ही सुट्टीतली. हाच सदरा ती सुट्टीभर घरी घालायची. आखूड झाला म्हणून कॉलर उसवली, बघा, एकही दात लागलेला नाही. घरी ती बाकाखाली जात नाही, कारण घरी फळा नाही आणि पन्नास पोरं नाहीत. वर्गात तिला एक ओळ उतरवायला अख्खा तास लागतो. हे मी आधीच सांगायला हवं होतं. लाज वाटली."

मुख्याध्यापिकांनी सुट्टीतली कॉलर उचलली, मग परीक्षेतली. वर्गशिक्षिका खाली बघत म्हणाल्या, "मला वाटायचं, खोड आहे. मी दोनदा ओरडलेय तिला."

"मीही ओरडलेय," ताई म्हणाल्या.

माझ्या दोन पानांनी जे झाकलं, ते या बाईनं तिथे पाच मिनिटांत उघडं करून ठेवलं होतं, तेही स्वतःच्या लेकीबद्दल. एवढं धैर्य माझ्यात असतं का, मला सांगता येत नाही.

मुख्याध्यापिकांनी यादी ओढली आणि चिमणीचं नाव लिहिलं. सोमवारपासून रोज दोन तास मदतीच्या बाई शेजारी बसतील, आणि फळ्यावरचं लिहिलेला कागद तिला बाकावर मिळेल. "दर महिन्याला भेटू," त्या म्हणाल्या, "आणि कॉलर घेऊन या."

महिना होत आला. काल ताई जिना चढून वर आल्या. हातात चिमणीचा सदरा. मी चष्मा लावून पाहिलं. कॉलरीचं डावं टोक चावलेलं होतं, उजवं शाबूत.

"बदलणार?" मी विचारलं.

"नाही. शाळेत भेटायला जाताना हीच घेऊन जायचीय," त्या म्हणाल्या, आणि डाव्या टोकाला या महिन्याची चिठ्ठी टाचायला माझ्याकडे टाचणी मागितली.