ट्रकने फोन उचलला

भिवंडीच्या निजामपुऱ्यातलं माझं मोबाइलचं दुकान मी एका एसटीडी बूथपासून वाढवलं. लूमवरचे कामगार शिफ्ट सुटली की यायचे, माझ्याकडून सिम घ्यायचे आणि गावाकडे बोलत बसायचे. त्यांच्या बोलण्यावर मोबाइल कंपनी गब्बर झाली. हे मी कंपनीच्या साहेबाला दर भेटीत ऐकवायचो.

एकदा हा साहेब टाय लावून आला. म्हणाला, "पुढे माणसांपेक्षा यंत्रंच जास्त सिम वापरतील. मीटर, ट्रक, लिफ्ट, सगळं नेटवर्कवर येणार."

"आणि रिचार्जला माझ्याकडे चालत येणार का?"

त्याने माझा चहा संपवला आणि गेला.

त्याच सुमारास मानकोलीच्या एका शेठने आपल्या ट्रकांत डबे बसवायचं ठरवलं. डब्यात एक सिम. गाडी कुठे आहे ते सिम शेठच्या कॉम्प्युटरला कळवत राहणार. ही सिम पुरवायचं काम मला हवंच होतं. गल्लोगल्ली मोबाइलची दुकानं झाली होती आणि कंपनी माझं कमिशन छाटत चालली होती. शेठच्या ओट्यावर दुपारभर घासाघीस करून मी काम मिळवलं. सिमही हलकी दिली नाहीत. माझी सगळ्यात खपणारी स्कीम दिली: आपसात बोलणं फुकट.

यात माझं काय चुकलं ते अजून मला कोणी पटवून दिलेलं नाही. ड्रायव्हरांना मात्र वास लागला. त्यांनी आवारातच डबे उघडून सिम काढली आणि आपापल्या हँडसेटमध्ये घातली. शेठच्या पडद्यावर सगळे ट्रक मानकोलीच्या आवारात उभे, आणि आवारात कुत्रं नाही.

शेठने मला बोलावून घेतलं, माझ्यादेखत एका ट्रकचा नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला. ट्रकने फोन उचलला.

"हॅलो, कौन?"

"तेरा बाप. गाडी किधर हाय?"

"नाशिक पहुँच गया, सेठ."

मागे आपल्या भिवंडीचाच रिक्षावाला घसा फोडून ओरडत होता, "अंजूरफाटा, अंजूरफाटा!"

"बघा," मी म्हणालो, "गाडी कुठे आहे ते कळलं की नाही? डबा हवाच कशाला?"

शेठ हसला नाही. "दादूस, तुजा सिम बोलतंय. मना न बोलनारा सिम पायजे."

न बोलणारं सिम कंपनीच्या साहेबाच्या खिशात तयारच होतं. ते त्याने थेट शेठला दिलं. बिल हेड ऑफिसातून, मध्ये दुकानदार नको. मी तडक त्याच्या ऑफिसात गेलो.

"तुमचे टॉवर माझ्या गिऱ्हाइकांच्या बडबडीवर उभे राहिले. आता गिऱ्हाइकं नकोशी झाली?"

"तसं नाही हो," साहेब फाईल चाळत म्हणाला. "डबा भांडत नाही. बॅलन्स कुठे गेला विचारत नाही. तुम्ही असं करा, डबे बसवून सिमच्या खाचेला सील मारायचं काम घ्या."

म्हणजे माझं तोंड बंद झालं ते झालंच, वर ड्रायव्हरांचंही मीच बंद करायचं. त्याला जे बोलायचं ते बोललो आणि खुर्ची ढकलून उठलो.

सौदा मोडून उठलं की समोरचा मागून हाक मारतो. भिवंडीत कापडापासून भंगारापर्यंत सगळे व्यवहार मी असेच ठरताना पाहिले होते. जिन्याच्या तळाशी थांबलो. चपलेत खडा गेल्यासारखं करून आणखी थोडा थांबलो. वरून हाक आली नाही.

मग मीच वर गेलो आणि सील मारायचा भाव विचारला.