शेवटचे चार शब्द

एकोणीसशे साठनंतरची ती दोन-तीन वर्षं. साताऱ्याच्या आमच्या सरकारी कचेरीत बायका दोनच. एक बाळंतपणाच्या रजेवर, दुसरी मी. त्यामुळे कचेरीनं स्पर्धेसाठी नाटक बसवायला घेतलं तेव्हा नाटकातल्या सगळ्या बायका माझ्या वाट्याला आल्या. अर्थात फक्त तालमीपुरत्या. वडिलांनी मला नोकरी करायची परवानगी दिली होती, तोंडाला रंग लावायची नव्हे. स्पर्धा सांगलीला होती आणि स्त्रियांची कामं करायला सांगलीचीच एक मुरलेली नटी ठरवली होती. ती साताऱ्याला एकदाच येणार. तोवर तिच्या जागी कुणीतरी उभं राहून संवाद वाचायचे. याला प्रॉक्सी म्हणत.

नाटक जुनं, शोकांत. नायक एक शूर सरदार. त्याला आई, बायको, बहीण, आणि तिघींवर त्याचा जीव. कुणीतरी कान भरतं, तो बायकोवर संशय घेतो, तिला गडावर कोंडतो. आई मध्ये पडते, तिला घराबाहेर काढतो. तहाच्या अटीसाठी बहीण शत्रूच्या घरी देऊन टाकतो. चौथ्या अंकापर्यंत तिघी संपतात. पाचव्यात तो स्वतःला संपवतो आणि लोक त्याच्यासाठी रडतात.

नाटक बसवणारे आमचे हेडक्लार्क. त्यांनी बहीण कापून टाकली आणि तिच्या मरणाची बातमी एका पहारेकऱ्याच्या तोंडी दिली. आई आणि बायको एका प्रवेशात येत नाहीत, म्हणून दोन्ही कामं नटीकडे. मी शंका काढली तर म्हणाले, "पदर डोक्यावरून घेतला की आई, खांद्यावर घेतला की बायको. त्यात काय एवढं?"

तालीम कचेरीच्या हॉलमध्ये, सहा ते आठ. आठला कुलूप लागे. वेळ पुरेना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कनी मला सांगितलं, बाई, तुमची भाषणं सबंध वाचू नका, शेवटचे चार शब्द म्हणा, नायकाला तेवढेच लागतात. मी वहीत प्रत्येक भाषणाच्या शेपटाखाली लाल रेघ मारली. मग तीन महिने मी रोज संध्याकाळी त्या सरदारापुढे हात जोडून शेपटं म्हणत होते. "पोरा, मागे फीर आता." "एवढं एकच सांगा मला." आणि त्यावर तो पानपानभर बोले.

पहारेकऱ्याचं काम कचेरीचा शिपाई करी. दाराशी भाला धरून तो सगळं ऐकत असे. एकदा म्हणाला, "बाई, तुमी दोघींचं बोलताय, आन् एकीचंबी पुरं न्हाई."

आता नायकाचं सांगते. तो आमच्याच कचेरीतला कारकून, मूळचा फलटणचा. उंच, खडा आवाज, निर्व्यसनी. त्याचं स्थळ मला सांगून आलं होतं. अट एकच, लग्नानंतर नोकरी सोडून फलटणला सासरी राहायचं. कवठे महांकाळहून वडिलांचं पत्र आलं की प्रयोगाला तू सांगलीत येशीलच, मीही येतो, तिथं होकार दे म्हणजे परस्पर मुहूर्त काढायला सांगतो. होकार की नकार असं पत्रात नव्हतंच. साताऱ्यात मी आत्याकडे राहायचे. तिनं तर रुखवताची यादी सुरू केली होती, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून ती माझ्याकडूनच लिहून घेत होती. सत्तावीस नंबरला शेवयांचा साचा होता. मी तोही लिहिला.

मुलगा वाईट नव्हता. म्हणून मी एकदा जिन्यात त्याला गाठून बोलले. म्हटलं, मला नोकरी सोडायची नाही. आवक-जावकचं सगळं दप्तर मी एकटीनं लावलंय, ते मला आवडतं, आणि घरी बसून मी काय करायचं तेच मला कळत नाही.

"कळेल हो हळूहळू," तो हसून म्हणाला. "सगळ्यांनाच कळतं."

मी वर जाऊन टेबलाशी बसले. तो माझं ऐकत होता, नजर माझ्याकडेच होती, आणि तरी त्यानं फक्त शेपूट उचललं होतं. दोष कुणाला द्यायचा? तीन महिने मीच त्याला शेपटं पुरवत होते.

नटी एकदा येऊन गेली. सांगलीत तिचे दुसरे प्रयोग चालू होते, घसा जपायचा म्हणून तिनंही फक्त हालचाली करून घेतल्या.

सांगलीत आमचा प्रयोग दुपारी तीनचा. मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला. वडील मागच्या रांगेत कडेला बसलेले मला दिसत होते. तिसऱ्या अंकात गडावरचा प्रवेश आला. तिथं बायकोचं मोठं भाषण आहे. आधी ती विचारते, माझ्याविषयी तुम्हाला कुणी सांगितलं, एवढं एकच सांगा मला. मग त्या दिवशी आपण कुठे होतो, कुणाच्या उशाशी बसलो होतो, ते सगळं सांगते. आणि शेवटी पुन्हा, एवढं एकच सांगा मला. तालमीत शेवटचंच म्हटलं जाई. पहिलं ऐकताच नायकानं तलवारीवर हात ठेवून आपलं भाषण सुरू केलं.

नटी मात्र हलली नाही. त्याला संपूर्ण बोलू दिलं. तो थांबला तेव्हा तिनं एक पाऊल पुढे टाकलं आणि भाषण पुन्हा पहिल्या वाक्यापासून, सावकाश, सबंध म्हटलं. नायकाजवळ आता बोलायला काहीच उरलं नव्हतं. तो तिच्याकडे पाहत नुसता उभा होता, बाकावर उभं केलेल्या पोरासारखा.

प्रयोगानंतर मी यादीप्रमाणे सामान गोळा करत होते. तो मिशा काढत चिडून म्हणाला की बाईनं सांभाळून घ्यायला हवं होतं, माझी शोभा केली.

"ती त्या दिवशी कुठे होती, ते ऐकलंत?" मी विचारलं.

"कोण?"

"तुमची बायको. नाटकातली."

"ते नाटकात कुठं आहे?" तो म्हणाला.

मी वही त्याच्यापुढे धरली नाही. सामानाची पेटी बंद केली आणि बाहेर गेले.

वडील थिएटरच्या अंगणात टोपी हातात घेऊन उभे होते. मी सुरुवात केली, तर मध्येच म्हणाले की मुलगा सुपारीचंही खांड खात नाही. मी थांबले. त्यांचं संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ते मध्ये बोलले, मी परत पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला त्यांनी ऐकलं. दप्तराचं, जिन्यातलं, आत्याच्या यादीचं, सगळं, आणि शेवटी नकार.

त्यांनी टोपी झटकली. मग विचारलं, "तुझ्या आईला काय सांगू?"

"आत्ता बोलले ते सगळं सांगा, दादा."

ते मान हलवून स्टँडकडे निघाले. पुढच्या दिवाळीपर्यंत आईनं मला पत्र टाकलं नाही. दिवाळीला गेले तेव्हा तिनंच सांगितलं, त्या दिवशी ते घरी आले, तांब्याभर पाणी प्यायले, आणि खुंटीला टोपी अडकवून म्हणाले, "नाही म्हणाली." बाकी काही नाही.