गाडी धुळ्यातच राहिली

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी. करायला जळगावला आले, तेव्हा धुळ्याच्या घरी एक स्कूटर आणि एक चारचाकी होती. दोन्ही मला चालवता येतात. दोन्ही तिथेच ठेवून मी एक सुटकेस, गॅसची शेगडी आणि पुस्तकांचं खोकं घेऊन पिंप्राळ्यातल्या भाड्याच्या खोलीत राहायला आले.

चारचाकी नवऱ्याला दुकानासाठी लागते, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता. स्कूटर मी महामार्गावर घालणार नव्हते. खोली बघायला आलो त्याच दिवशी मी विद्यापीठाच्या फाटकापर्यंतचा रस्ता नीट पाहून घेतला होता. गिरणेच्या पुलावर केळीचे ट्रक, पाइप भरलेले लांबलचक ट्रेलर, आणि त्यांच्या कडेकडेने तोंडाला ओढणी बांधून स्कूटरवर निघालेल्या मुली. त्यांचं कौतुक आहे. मी शिकवते त्या कॉलेजातून मला दोन वर्षांची अभ्यासरजा मिळाली होती आणि ती पाय प्लास्टरमध्ये घालून काढायची नव्हती. एसटी जाते, रिक्षा जाते, पाय धड आहेत. माझ्या दृष्टीने विषय संपला.

बाकीच्यांच्या दृष्टीने तो सहा महिने चालू राहिला. नवरा दर शनिवारी फोनवर विचारायचा, टेम्पोत घालून स्कूटर पाठवू का. मी दर शनिवारी नको म्हणायचे. मग आम्ही इतर बोलायचो.

पहिल्या पंधरवड्यात मी गाड्या शिकून घेतल्या. एरंडोलची, धरणगावची, अमळनेरची साधी एसटी विद्यापीठाला थांबते. धुळ्याची जलद थांबत नाही. म्हणजे माझ्याच गावची गाडी रोज सकाळी माझ्यासमोरून तशीच निघून जायची. फाटकापासून आमच्या विभागापर्यंत चढ आहे. पहिल्या आठवड्यात मी वर पोचेपर्यंत धापा टाकत होते, दिवाळीपर्यंत चढताना फोनवर बोलू लागले. चपला टाकून मी बुटांच्या दुकानात गेले आणि मुलांचे असतात तसले जाड तळव्याचे बूट घेतले. पंजाबी ड्रेसखाली ते कसे दिसतात, हे मला तीन जणींनी सांगितलं.

चालण्याचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो लोकांच्या चांगुलपणाचा. आमच्या खानदेशात ओळखीचं माणूस पायी चाललेलं दिसलं की गाडी थांबवायची, हा नियम आहे. “बसा, सोडून देतो.” नाही म्हणणं म्हणजे पुढे केलेला चहा नाकारण्यासारखं. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीतले निवृत्त बँकवाले भाऊ रोज सकाळी दूध आणायला निघत. मला बघून ते दुधाच्या उलट दिशेला गाडी वळवत आणि महामार्गापर्यंत सोडायचा आग्रह धरत. मी दोनदा बसले, तिसऱ्या दिवसापासून पाच मिनिटं आधी निघू लागले.

बाईमाणूस, नोकरीवाली, बोलण्यावरून चांगल्या घरची, आणि रोज पायी. याचा गल्लीने एकच अर्थ लावला: नवऱ्याने टाकली. घरमालकीणबाईंनी मला तसं विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, की काही लागलं-सवरलं तर सांगत जा, एकटं समजू नका. पुढे ही बातमी कुणाच्या तरी मावसबहिणीमार्फत धुळ्याला माझ्या सासूबाईंपर्यंत पोचली. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि घरात अहिराणीच बोलतात. त्यांनी त्या बाईला सांगितलं, “गाडी घर शे, सून जळगावले शे, दोन्ही ठिकाणावर शेत. तुनं काय हरपनं?” हे मला नवऱ्याने हसत हसत सांगितलं. पुढच्या रविवारी तो आला, तेव्हा मी त्याला चारचाकी मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी लावायला सांगितली. भाऊंनी त्याला चहाला बोलावलं आणि प्रकरण मिटलं.

खरी अडचण वेगळी होती. माझा विषय होता डाळ मिलमधल्या बायका. अमळनेरला माझं माहेर. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुटीत मी आईबरोबर मिलमध्ये डाळ निवडायला जात असे. आता ते काम बहुतेक ठिकाणी यंत्र करतं. खडा, काळा दाणा, फुटका दाणा, सगळं फुंकर मारल्यासारखं बाजूला पडतं. मग निवडणाऱ्या बायका गेल्या कुठे, आणि ज्या राहिल्या त्या काय करतात? हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नव्हतं. मला ते लिहायचं होतं. दुसरा कुठलाही विषय असता तर मी रजा घेतली नसती.

माझ्या मार्गदर्शक माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आम्ही दोघी एकमेकींना मॅडम म्हणायचो. पहिल्याच भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, की तुम्ही राहता शहराच्या या टोकाला, मिल त्या टोकाला, औद्योगिक वसाहतीत, आणि तुमच्याकडे गाडी नाही. सहा महिन्यांनी समितीसमोर प्रगती दाखवायची असते. तोवर निदान पंचवीस चांगल्या मुलाखती झाल्या नाहीत तर समिती विषय बदलायला लावेल. त्यापेक्षा ग्रंथालयात बसून होईल असा विषय आत्ताच घेऊ या. मी म्हटलं, सहा महिने द्या.

मिलची परवानगी सहज मिळाली. मालक तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या कुटुंबातले, सगळे त्यांना सेठ म्हणतात. माणूस सभ्य, अहिराणी माझ्यापेक्षा सफाईने बोलणारा. कधीही या, कुणाशीही बोला, म्हणाले. ठरलेल्या दिवशी मी रिक्षाने अजिंठा चौफुलीवर उतरले आणि वसाहतीच्या रस्त्याने चालू लागले. अर्ध्या वाटेत मागून एक पांढरी गाडी येऊन थांबली. काच खाली झाली, आत सेठ.

“ताई, बसा. उन्हात चालता, बरं दिसत नाही.”

मी बसले. नाही कसं म्हणणार? त्यांच्याच मिलमध्ये चालले होते. आत गार होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. गाडी शेडच्या दारात थांबली. आत तीस-पस्तीस बायका पोत्यांवर, फरशीवर बसून काम करत होत्या. सेठ स्वतः उतरले, मुकादमाला हाक मारली, ताईंना खुर्ची द्या म्हणाले. खुर्ची आली, चहा आला. मी खुर्चीवर बसले, वही उघडली, आणि पुस्तकी मराठीत पहिला प्रश्न विचारला.

पुढच्या महिनाभरात मी चौदा मुलाखती केल्या. सेठच्या गाडीत मी पुन्हा बसले नव्हते, ते बाहेरगावी होते. मी आपली रिक्षाने आणि पायी जात होते. खुर्ची मात्र रोज यायची. चौदाही जणी हसून बोलल्या. काम कसं आहे? “बठ्ठं चांगलं शे,” म्हणजे सगळं चांगलं. यंत्र आल्यावर काही फरक पडला? “नही, चांगलं शे.” कुणाला काढलं का? “नही बा.” मी ते सगळं नीट उतरवून मार्गदर्शकांकडे नेलं. त्यांनी अर्ध्या तासात वाचलं.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “या चौदा मुलाखती नाहीत. एकच आहे, चौदा वेळा.”

ते खरं होतं. नोव्हेंबर लागला होता आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. त्यांनी ग्रंथालयात होण्यासारख्या तीन विषयांचा कागदही माझ्यापुढे सरकवला. मी तो घडी करून पिशवीत टाकला.

त्याच आठवड्यात एकदा संध्याकाळी मिल सुटताना मला रिक्षा मिळाली नाही. मी चौफुलीकडे चालू लागले. मागून बायकांचा घोळका येत होता, गप्पा मारत, भराभर. माझ्याजवळ पोचल्या तशा गप्पा थांबल्या. त्यांच्यातली सर्वांत मोठी, जिला सगळ्या अक्का म्हणायच्या, ती माझ्या शेजारून चालू लागली. साठीची असेल. तिची मुलाखत मी दोनदा मागितली होती आणि दोनदा तिला नेमकं तेव्हाच काम निघालं होतं.

“आज सेठ सोडाले उना नही का?” तिने विचारलं. मागच्या हसल्या.

मी म्हटलं, ते एकदाच झालं, अक्का, महिना होऊन गेला.

“एकदाव उनी, पन बठ्ठासनी देखं. सेठनी गाडीमा बशीसन उनी तू. तुले खरं कोन सांगी?”

इतकं सरळ मला विद्यापीठात कुणी सांगितलं नव्हतं. मग मला जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, ते मी माहेरच्या बोलीत सांगितलं. “अक्का, मी अमयनेरनी शे. मी बी दाय निवाडेल शे.”

तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “मंग खुर्चीवर कसाले बसनी?”

आम्ही चौफुलीवर पोचलो. तिथे मी विचारलं, उद्या सकाळी तुमच्या वस्तीवरून तुमच्याबरोबर आले तर चालेल का. ती म्हणाली, रस्ता काय तिच्या बापाचा नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी पिंप्राळ्यातून निघाले. भाऊ अजून दुधालाही उठले नव्हते. सात वाजता चौफुलीच्या अलीकडच्या वस्तीच्या तोंडाशी उभी राहिले. बायका डबे घेऊन निघाल्या, मी त्यांच्यात मिसळले. मिलपर्यंत चाळीस मिनिटं. पहिले चार दिवस मी काहीच विचारलं नाही. त्यांच्या चालीने चालणं हेच काम होतं. त्या माझ्यापेक्षा भराभर चालतात. पाचव्या दिवशी एकीने आपणहून सांगितलं, की यंत्र आलं त्या वर्षी तिच्या नणंदेला थांबवलं आणि ती केळीच्या वखारीत घड धुवायला लागली. मग दुसरी बोलली. मग रोज कुणी ना कुणी. यंत्राने टाकलेल्या दाण्यांतून पुन्हा चांगले वेचायचे, ते काम डोळ्यांचं, आणि चष्मा लागला की त्या कामावरून उठवून पोती शिवायला बसवतात. म्हणून मिलमध्ये चष्मा कुणी घालत नाही. ही गोष्ट खुर्चीवर बसून मला दहा वर्षांतही कळली नसती.

वही मी रस्त्यावर काढत नसे. मिलच्या फाटकाशी त्यांना सोडून चहाच्या टपरीच्या बाकावर बसायचे आणि आठवत असतानाच लिहून टाकायचे. संध्याकाळी परत येताना ज्या बाईचं असेल तिला ते वाचून दाखवायचे. नाव कुणाचंच लिहिलं नाही. “हाई खोडी टाक,” असं कुणी म्हटलं की तिथेच खोडायचे. हिवाळा लागला तशी डब्यातली ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्याही वाट्याला येऊ लागला. खुर्चीवर मी पुन्हा बसले नाही. जेवायच्या सुटीत गेलेच तर पोत्यावर बसायचे.

सेठची गाडी एकदा पुन्हा थांबली. मी बायकांच्या घोळक्यात होते आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. चालण्यापेक्षा नाही म्हणणं अवघड असतं, पण ते त्या दिवशी उरकून टाकलं. म्हटलं, “सेठ, तुमच्या गाडीत बसले तर माझं काम होत नाही.”

ते म्हणाले, “म्हणजे माझ्याबद्दल बोलतात.”

“कुणाबद्दल बोलतात ते मी सांगणार नाही. पण बसले तर बोलणारच नाहीत.”

ते हसले, काच वर गेली. त्यानंतर ते नुसता हॉर्न वाजवून पुढे जात. माणूस सभ्य आहे, हे मी आधीच म्हटलं आहे.

अक्का मात्र स्वतःबद्दल काही सांगेना. बाकीच्यांना तीच बोलायला लावायची, कुणी थाप मारली तर तीच अडवायची. तिची पंचेचाळीस वर्षं मिलमध्ये गेलेली. तिची मुलाखत म्हणजे माझ्या प्रबंधाचा कणा, हे तिलाही ठाऊक होतं. मी समितीबद्दल सांगितलं होतं, विषय जाऊ शकतो हेही. त्यावर ती म्हणाली, “तुना विषय ऱ्हायना ते सांगसू. नही ते वाया जाई.” मला राग आला, पण हिशेब बरोबर होता. मीही तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

जानेवारीत समिती बसली. माझ्याकडे रस्त्यावरच्या नव्या बावीस मुलाखती होत्या, पंचवीस नव्हत्या. धरणगावच्या गाडीने मी एक तास आधी पोचले आणि चढ सावकाश चढले. मार्गदर्शक मॅडम माझ्यापेक्षा अस्वस्थ होत्या. समितीतल्या एका सरांनी पहिल्या चौदा मुलाखती का टाकून दिल्या, असं विचारलं. अशा वेळी कुणी प्रश्नावली बदलल्याचं सांगतात, कुणी नमुना लहान होता म्हणतात. मी सांगितलं, “मी मालकाच्या गाडीतून उतरले होते, म्हणून.” मग गाडी, खुर्ची, चाळीस मिनिटांचा रस्ता, सगळं सांगितलं. बाहेर बसा म्हणाले. वीस मिनिटांनी आत बोलावलं. हे सगळं संशोधन पद्धतीच्या प्रकरणात सविस्तर लिहा, उरलेल्या मुलाखती मार्चपर्यंत द्या, शीर्षक थोडं लहान करा. विषय तोच.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, “चला, शहरापर्यंत सोडते.” मी बसले. पायी चालण्याचं मी व्रत घेतलेलं नाही, आणि विद्यापीठात मला गाडीतून उतरताना पाहून गप्प बसणारं कुणी नव्हतं. पण त्यांना चौफुलीच्या बऱ्याच अलीकडे थांबवायला सांगितलं.

तिथून वसाहतीकडे चालत गेले. मिल सुटली होती. बायका समोरून येत होत्या, अक्का पुढे. तिने लांबूनच हाताने विचारलं, काय झालं. मी जवळ गेल्यावर सांगितलं, विषय राहिला.

तिने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि बाकीच्यांना पुढे जायला सांगितलं.

“मंग आते मनं लिखी ले,” ती म्हणाली, आणि आम्ही तिच्या मिलमधल्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. वही पिशवीतच होती. चौफुली अजून लांब होती.