भोवरेबाई आणि धरणातली खळी

भोवरेबाईंचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते हजेरीपटाबाहेर फारसं पडत नसे. पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत प्रयोगशाळेत सगळे त्यांना भोवरेबाईच म्हणायचे. धरण बांधायच्या आधी त्याची छोटी प्रतिकृती करायची आणि तिच्यात पाणी खेळवून पाहायचं, हे त्या प्रयोगशाळेचं काम. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये कंबरेएवढी धरणं आणि एका उडीत ओलांडता येतील अशा नद्या. बाईंकडे धरणाचं तोंड असे, म्हणजे पाणी जिथून बोगद्यात शिरतं आणि पुढे वीज करणाऱ्या यंत्रांवर जातं ती जागा. तिथे भोवरा पडला तर पाण्याबरोबर हवाही आत ओढली जाते आणि यंत्रं खोकायला लागतात.

"पाण्याला एकच गोष्ट कळते, खाली जायचं," नव्या माणसाला त्या सांगत. "पृथ्वी ओढते, ते जातं. पण सरळ जाईल तर ते पाणी कसलं? गिरक्या घेतं. त्या गिरक्यांवर आमचं पोट."

लग्नही या गिरक्यांनीच जमवलं. पाणी कुठे वळतंय ते दिसावं म्हणून त्यावर कागदाचे बारीक तुकडे टाकतात. कात्रीने कापून बाईंची बोटं दुखायला लागली, तेव्हा त्या जवळच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात शिरल्या. कागदाला भोकं पाडल्यावर खाली पडतात त्या टिकल्या त्यांना हव्या होत्या. दुकानदार तरुण होता. त्याने पिशवीभर दिल्या, पुढच्या वेळी विचारलं, "यांचं करता काय?" आणि त्याच्या पुढच्या वेळी तो पाहायलाच आला. पांढऱ्या टिकल्या गोल गोल फिरत मधोमध गुडुप होताना पाहत तो शेड बंद होईपर्यंत बसून राहिला. असं बघत बसणारा माणूस बाईंना पहिल्यांदाच भेटला होता. वर्षाच्या आत लग्न झालं.

सासूबाईंनी मात्र सुनेचं शास्त्र मोरीपुरतंच मानलं. टब रिकामा केला की त्या आतून हाक मारायच्या, "सूनबाई, आज भोवरा उलटा फिरतोय गं."

"फिरू दे आई. बूच काढताना तुम्ही हात ज्या बाजूने काढला, तिकडे तो फिरतो."

"मग पृथ्वी फिरते म्हणून फिरतो म्हणतात ते?"

"एवढ्याशा टबाकडे बघायला पृथ्वीला वेळ कुठला?"

अशात एका मोठ्या धरणाचं काम आलं. प्रतिकृती छत्तीस पट लहान. पाणी सोडलं, टिकल्या पडल्या आणि बोगद्याच्या तोंडावर पाण्याला नुसती खळी पडली. गालावर पडते तेवढीच. साहेब खूश झाले. बाई मात्र वाकून बघत राहिल्या.

"साहेब, ही खळी मला बरी दिसत नाही. पाण्यावर साय असावी तसा ताण असतो. छोट्या धरणात तो भोवऱ्याला दाबून धरतो, मोठ्या धरणात त्याचं काही चालत नाही. तिथे हिचं नरसाळं होईल."

मग त्या ताणाची भरपाई म्हणून त्यांनी पाणी हिशेबापेक्षा जोरात सोडून दाखवलं. खळी खोल गेली आणि तिने सुर्रकन टिकल्या गिळल्या.

"एवढं सोडलं तर बादलीतही वादळ येईल," साहेब म्हणाले. ते बाईंना पाण्यात पाहणाऱ्यांतले नव्हते. जोर किती वाढवायचा यावर जाणत्या लोकांचंही एकमत नव्हतं, आणि धरणवाल्यांना घाई होती. बाईंचं मत अहवालात शेवटी गेलं. धरण झालं.

पुढे एका कोरड्या वर्षी तलाव खाली गेला आणि साहेबांना फोन आला. बोगदा हंबरतोय, यंत्रं थरथरतायत. साहेबांनी फोन ठेवला, बाईंच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "तुमची खळी मोठी झाली. चला."

बाईंनी नवऱ्यालाही बरोबर घेतलं. धरणावरून खाली पाहिलं आणि त्या कठडा धरून आणखी पुढे वाकल्या. खोलीएवढा रुंद, काचेसारखा गुळगुळीत भोवरा संथ फिरत होता. त्याच्या पोटातून हवेची एक काळी दोरी थेट खाली उतरली होती आणि मधूनच तो खोल आवाजात घुमायचा. उभी हयात त्यांनी वाटीएवढे भोवरे पाहिले होते. आपलं खरं ठरलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्याची आठवणच राहिली नाही.

"हा बंद करायचा?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"करायचाच," बाई म्हणाल्या. "पण जरा वेळाने."

तो जरा वेळ बराच लांबला. बाईंनी आधी प्रतिकृतीत मध्ये एक भिंत घालून पाहिली, तर भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक भोवरा उभा राहिला. साहेब म्हणाले, "एक होता तो बरा होता." त्यांना हसता आलं याचंच बाईंना बरं वाटलं. शेवटी लाकडी तुळयांची जाळी पाण्यावर तरंगती सोडली. पाणी चढलं की वर, उतरलं की खाली. पाण्याने गिरकी घ्यायला सुरुवात केली की तुळया तिचे तुकडे पाडायच्या. तशीच मोठी जाळी धरणात साखळ्यांनी बांधली आणि बोगदा मुकाट झाला.

यंत्रघरातले लोक सुटले. धरणावरचा पहारेकरी तेवढा नाराज झाला. "बाई, लांबून माणसं बघायला यायची हो," तो म्हणाला. "आता नुसतं पाणी."

"मलाही चुकल्यासारखं वाटतंय," बाई म्हणाल्या, आणि खरंच वाटत होतं. पुढे कितीतरी धरणांची तोंडं त्यांनी शांत केली, साहेबांच्या खुर्चीवरही बसल्या. पण कुठल्याही प्रतिकृतीत खळी दिसली की शेडमधल्या सगळ्यांना त्या हाक मारून बोलवायच्या, आणि उपाय शोधायच्या आधी चार मिनिटं सगळ्यांना ती नुसती बघायला लावायच्या.