अठ्ठावन्न जणांचं पाणी

कौशल्याअक्कानं एकतीस वर्षं बाळंतिणींच्या इस्पितळात वॉर्ड सांभाळला, पण तेवढ्या काळात कुणी पाठ थोपटल्याचं तिला आठवत नव्हतं. बाळ गुटगुटीत निघालं की पेढे डॉक्टरांना. टाका चिघळला नाही, ताप आला नाही, म्हणून पेढे घेऊन कोण येतं? जे झालंच नाही ते कुणाला दिसत नाही, हे तिनं फार आधी ओळखलं होतं आणि त्याची तिला सलही होती. निवृत्त झाल्यावर ती इंदिरानगरच्या घरी बसून घरच्यांनी हात धुतले की नाही यावर पाळत ठेवू लागली.

शेजारचा रघुनंदन दरवर्षी एक शर्यत भरवायचा. कनकपुऱ्याकडच्या टेकड्यांतून चार दिवस एकशे साठ किलोमीटर पळायचं, तंबूत झोपायचं, आणि हे सगळं हौसेनं. गेल्या वर्षी चौथ्या सकाळी साठातले बावीस जण पोट धरून तंबूत पडले होते. दुधानं तोंड पोळलेला रघुनंदन यंदा ताकही फुंकत अक्काकडे आला.

"अक्का, परत तसं झालं तर शर्यत कायमची बंद. गावकरी पुन्हा जागा देणार नाहीत."

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाली. "पण छावणीत माझं चालेल. तुझं नाही."

यंदा पळणारे अठ्ठावन्न होते. चौथ्या सकाळी अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न उभे राहिले पाहिजेत, एवढंच तिनं मनाशी धरलं. त्यात तिची भाची चंदनाही होती. बेळ्ळंदूरच्या कंपनीत कामाला, आणि गेल्या वर्षी त्या बावीस जणांत.

पहिल्याच थांब्यावर अक्काला रोग सापडला. उकडलेल्या मीठ लावलेल्या बटाट्यांचं मोठं पातेलं उघडं ठेवलेलं, आणि जो तो येऊन त्यात हात घालतोय. मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळं, आणि ज्या हातानं नाक पुसलं तोच हात बटाट्यात.

"या घड्याळात एंजलु दिसत नाही वाटतं," अक्का म्हणाली. एंजलु म्हणजे उष्टं. तिच्या घराण्याला कन्नड मुलुखात तीनशेहून जास्त वर्षं झाली, शब्द तिकडचा झाला, पण नियम तसूभरही सैल झाला नव्हता. तिनं पातेलं ताब्यात घेतलं आणि तीर्थ द्यावं तसं वरून, चमच्यानं, प्रत्येकाच्या तळहातावर वाढायला सुरुवात केली. तळहात आधी साबणानं धुतलेला हवा. कुणी खिशातलं सॅनिटायझर काढलं की म्हणायची, "चिखलावर अत्तर शिंपडू नका, आधी धुवा." बूट तंबूबाहेर, पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या, मोजे सुके. संडासचे खड्डे छावणीपासून लांब, उताराला, आणि तिथून येणाऱ्याचा हात ती चक्क हुंगून बघायची. चाळिशीतल्या मॅनेजर लोकांनी शाळकरी मुलांसारखे हात पुढे केले.

दोन दिवस कुणाचं पोट दुखलं नाही. चंदना तर बायकांत पहिली होती, दुसरीपेक्षा सात मिनिटं पुढे.

तिसऱ्या दुपारी ती थांब्यावर आली तेव्हा पाण्याच्या ड्रमच्या नळाशी चार जणांची रांग होती. वाटेत गुरांच्या पायवाटेवर घसरून पडल्यानं तिचे हात शेणामातीनं बरबटलेले. तिनं इकडेतिकडे पाहिलं, झाकण सरकवलं, बाटली आत बुचकळली, भरली आणि वळली. समोर आत्या उभी होती.

"आत्या, सात मिनिटंच आहेत गं माझ्याकडे."

अक्कानं दोन माणसं बोलावून तो अख्खा ड्रम पाय धुवायच्या टाकीत ओतायला लावला. बाटलीही ओतली. दुसरा ड्रम टेंपोतून उतरायचा होता.

"अक्का, स्वल्पच हात लागलाय. कुणी पाहिलंसुद्धा नाही," बटाटे सोलणारी सुलभा हळूच म्हणाली.

"मी पाहिलंय," अक्का म्हणाली. मग चंदनाकडे वळून, "हात धू, बाटली धू, आणि रांगेत शेवटी उभी राहा."

ड्रम आला, नळ बसला, तोवर दुसऱ्या नंबरची निवेदिता येऊन चंदनाच्या पुढे उभी राहिली आणि पाणी भरून पळालीही. चंदनाची अकरा मिनिटं गेली. जाताना तिनं आत्याकडे पाहिलं नाही. भावाच्या पोरीचं जिंकणं आपणच टाकीत ओतलं, हे अक्काला कळत होतं, आणि पुन्हा तशीच वेळ आली तरी ती तेच करणार होती.

चौथ्या सकाळी रघुनंदननं नावं पुकारली. अठ्ठावन्न. त्याचा विश्वास बसेना, त्यानं पुन्हा पुकारली. तेव्हाही अठ्ठावन्नच. अक्कानं पदरानं तोंड पुसलं, निदान दाखवलं तरी तसं.

शेवटचा टप्पा संपला तेव्हा चंदना तीन मिनिटांनी हरली. बक्षीस देताना रघुनंदननं सगळ्यांसमोर विचारलं, "काल थांब्यावर काय झालं? अकरा मिनिटं कुठे गेली?"

चंदनानं माईक घेतला. "मी घाण हात पाण्याच्या ड्रममध्ये घातला होता. माझ्या मागून येणारे सगळे तेच पाणी पिणार होते. आत्यानं ते ओतून दिलं." आता तिनं आत्याकडे पाहिलं. "गेल्या वर्षी या वेळेला मी तंबूत पडले होते. आज आपल्यातलं कुणीच पडलेलं नाही, ते तिच्यामुळे."

अठ्ठावन्न जण उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एकतीस वर्षांत जे कुणाला दिसलं नव्हतं, ते आज सगळ्यांना दिसलं होतं. कौशल्याअक्का ताठ उभी राहिली आणि या वेळी तिनं डोळे पुसले नाहीत, लोकांसमोर वाहू दिले.