सत्तर पानांचं पुडकं

काल दुपारी ओसरीवर झोपलेल्या नातवाच्या पायांवर ऊन आलं, म्हणून मी त्याची गोधडी सावलीत ओढली. तेवढ्यानेच मला १९५६ चा मे महिना आठवला. धानोऱ्याजवळच्या जंगलात आम्ही तिघं होतो: विड्यांसाठी तेंदूपानं तोडणारी आई, आठ वर्षांचा मी आणि दहा महिन्यांची बहीण शांता.

आईने शांताला मोहाच्या झाडाखाली निजवलं. “सावली सरकली का गोधडी सरकवजो. बाकी काई करू नको.”

“किती डाव सांगशीन माय? समजते मले!”

“लय शहाणा हायेस,” म्हणत ती हसत पुढे गेली.

एका पुडक्यात सत्तर पानं लागत आणि मला नुकतंच सत्तरपर्यंत मोजता येऊ लागलं होतं. आईला चकित करावं म्हणून तिने तोडलेली पानं मी मोजून बांधू लागलो. मोजणी चुकू नये म्हणून मान वर केली नाही. शांता रडत नव्हती, म्हणजे झोपली असेल, असं वाटलं.

आई परतली तेव्हा सावली गोधडीपासून चार हात दूर गेली होती. शांताचं अंग भाजत होतं, घामाचा थेंब नव्हता. आईने तुंब्यातलं सगळं पाणी तिच्यावर ओतलं आणि तिला घेऊन गावाकडे धावली. दिवस मावळायच्या आत शांता गेली.

तिसऱ्या दिवशी आई कामावर गेली, तेव्हा जंगलात राहिलेली माझी पुडकीही तिने उचलून नेली. ठेकेदाराच्या मुनशीने ती अकराही पुडकी उघडून मोजली. एकही पान कमी नव्हतं.

“पोराचा हिशेब पक्का हाय, बाई,” म्हणत त्याने दोन आणे आईच्या हातावर ठेवले.